ऑर्किड जगवायचंय? मग पाणी जरा हात राखून!

वाढदिवसाला कुणीतरी ऑर्किडची कुंडी भेट देतं. जांभळ्या फुलांच्या तुऱ्याने दिवाणखाना खुलून दिसतो आणि मग सुरू होतात लाड. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, वर तुळशीच्या कुंडीतली दोन मुठी माती. महिन्या-दोन महिन्यांत पानं पिवळी पडतात आणि घरची मंडळी निकाल देऊन टाकतात, ‘‘ऑर्किड आपल्याकडे जगतच नाही.’’

माझं पहिलं डेंड्रोबियम असंच गेलं. कुंडीतून उपसलं, तर मुळं काळी, गिळगिळीत झालेली. पाण्यावाचून नव्हे, पाण्यात बुडून मेलं होतं बिचारं.

घरात ठेवली जाणारी बहुतेक ऑर्किड मुळात झाडांच्या फांद्यांवर राहणारी. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत फांद्यांवरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ तुम्ही पाहिली असेल, तीही ऑर्किडच. हे बांडगूळ नव्हे. झाडाचा फक्त आधार घ्यायचा, रस शोषायचा नाही, अशी त्याची रीत. मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. ते पाऊस टिपून घेतं आणि वाऱ्यावर पुन्हा सुकतं. अशी मुळं मातीत दाबली की गुदमरतात.

म्हणून कुंडीत माती अजिबात नको. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं एवढं पुरे. सोडणं आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवा. कुंडीला भरपूर भोकं हवीत. भेट आलेली कुंडी शोभेच्या बंद भांड्यात असेल, तर तळाशी पाणी साचतंय का, हे आधी पाहा.

पाणी कधी घालायचं, हे मुळंच सांगतात. रुपेरी दिसली तर घाला. हिरवी असतील तर थांबा. नागपूरच्या उन्हाळ्यात रोज लागेल, मुंबईच्या पावसात आठवडाभरही लागणार नाही. उलट संततधार लागली की कुंडी वळचणीखाली सरकवा. पाणी सकाळीच द्यावं आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये.

नवशिक्यांनी सुरुवात डेंड्रोबियमनेच करावी, असं माझं मत आहे. फुलपाखरासारख्या फुलांचं फॅलेनॉप्सिस दिसतं देखणं, पण पुन्हा फुलायला त्याला गार रात्री लागतात. बंगळूरकरांना ते जमून जाईल, कोकणात वाट पाहावी लागेल. डेंड्रोबियमला पूर्वेच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन आवडतं. पानं गडद हिरवी नि फुलं नाहीत, तर उजेड कमी पडतोय. पिवळसर दिसू लागली, तर बहुधा जास्त होतोय. दिल्ली-इंदूरकडच्या मंडळींनी थंडीत कुंडी घरात घ्यावी. खत अगदी पातळ द्यावं, १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही नवी वाढ चालू असेल तेव्हाच.

घाटात फिरायला गेलेली माणसं फांदीवरचं ऑर्किड ओरबाडून घरी आणतात, याचा मात्र संताप येतो. त्यातली फार थोडी जगतात. भारतात ऑर्किडच्या बाराशेहून अधिक जाती आहेत आणि कित्येक दुर्मीळ होत चालल्या आहेत. ईशान्येकडच्या निळ्या वँडाला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. (जगभर चालणारं ‘वँडा’ हे नाव मूळचं आपल्या संस्कृतातलं बरं का!) रोप घ्यायचं ते रोपवाटिकेत वाढवलेलंच.

फुलं गळून गेल्यावर डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या कांड्या वाळक्या समजून छाटू नका. त्यांत अन्नाचा साठा असतो, कधी कधी त्यांनाच पुन्हा तुरा येतो. एखाद्या कांडीवर चिमुकलं रोप फुटलं, तर त्याची मुळं दोन-तीन इंच होईपर्यंत थांबा. मग ते स्वच्छ कात्रीने अलगद कापून छोट्या कुंडीत कोळशावर बसवा. शेजारणीला भेट द्यायला तयार!