वजन उतरवले की स्लीप अ‍ॅप्निया बरा होतो का?

लग्नाच्या आदल्या रात्री हॉलमध्ये गाद्या टाकून सगळे पाहुणे एकत्र झोपतात, तेव्हा कोण किती घोरले याची चर्चा सकाळच्या चहापर्यंत पुरते. "मामांनी रात्रभर ट्रॅक्टर चालवला," असे कुणीतरी म्हणते, सगळे हसतात, मामाही हसतात. पण रात्री जागी असलेल्या एखाद्या आत्याच्या लक्षात आलेले असते की ट्रॅक्टर मधूनमधून बंद पडत होता. पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट पूर्ण शांतता, मग दचकल्यासारखा मोठा श्वास आणि पुन्हा घोरणे सुरू. काळजी करायची ती या मधल्या शांततेची.

आपले तेलुगू शेजारी घोरण्याला 'गुरक' म्हणतात आणि त्यांच्याकडेही त्यावर असेच विनोद होतात. गाढ झोप लागली की माणूस घोरतो, असा दोन्हीकडचा समज. खरे तर अशा माणसाला गाढ झोप मिळतच नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून शरीराला क्षणभर जागे करतो आणि श्वास सुरू होतो. हे तासाला पाच वेळा होऊ शकते, पन्नास वेळाही होऊ शकते. सकाळी माणसाला यातले काहीच आठवत नाही. आठवते ती जड डोकेदुखी, कोरडा घसा आणि दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या लागणारी डुलकी.

या आजाराचे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकले ते संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि डॉक्टरांनी कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया आणि छातीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाचा उल्लेख केला. घोरण्याच्या आजाराने माणूस जातो का, असा प्रश्न त्या आठवड्यात घरोघरी विचारला गेला. त्यांच्या इतरही तक्रारी होत्याच. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या अ‍ॅप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित धडधड, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी आहे, हे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत आले आहेत.

आजार दुर्मीळही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या पुरुषांची पाहणी केली होती. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या अंदाजानुसार १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोपही होती. हे कुणी आजारी म्हणून आलेले लोक नव्हते, आपल्यासारखे चालते-फिरते होते.

आता मूळ प्रश्न. तपासणीत अ‍ॅप्निया निघाला, डॉक्टरांनी रात्री लावायचे सीपॅप मशीन सुचवले, की घरात पहिले वाक्य येते: "मशीन कशाला? आधी वजन उतरवू, आपोआप जाईल." मशीनची किंमत साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे, त्यात तोंडावर मास्क लावून झोपायचे, त्यामुळे हे वाक्य सगळ्यांनाच पटते. ते अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अडचणीत आणते.

खरा अर्धा भाग आधी पाहू. चरबी फक्त पोटावर साठत नाही. ती मानेत, घशाच्या भिंतीत आणि चक्क जिभेतही साठते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ६७ स्थूल व्यक्तींचे वजन उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर एमआरआय काढले गेले. वजन सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उतरले तेव्हा श्वास अडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, आणि सुधारणेचे सर्वांत मोठे कारण निघाले जिभेतली चरबी कमी होणे. पोटावरची चरबी उतरली की फुफ्फुसांना खाली जागा मिळते, तोही फायदा आहेच. म्हणजे वजन उतरवणे हा खरा उपचार आहे. वजन जास्त असेल तर तो प्रत्येकाने करायलाच हवा.

पुरेसा आहे का, हे मात्र आकड्यांवर ठरते. झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये 'एएचआय' नावाचा एक आकडा असतो. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, त्याची ती मोजणी. पाचच्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० लोकांना काही वर्षे तपासत राहून २००० साली निष्कर्ष मांडला गेला की वजन दहा टक्के घटले तर एएचआय साधारण २६ टक्के घटतो, आणि दहा टक्के वाढले तर सुमारे ३२ टक्के वाढतो.

घरचा हिशेब करू. वजन ९० किलो आहे. दहा टक्के म्हणजे ९ किलो, आणि ज्याने कधी प्रयत्न केला आहे त्याला ९ किलो म्हणजे काय ते ठाऊक आहे. समजा ते जमले. एएचआय आधी ८ असेल तर तो ६ च्या आसपास येईल. आणखी थोडे वजन उतरले तर हा माणूस आजारातून बाहेरही पडेल. पण एएचआय ४० असेल तर तो ३० वर येईल. म्हणजे नऊ किलो उतरवूनही श्वास दर दोन मिनिटांनी एकदा अडतोच आहे. या माणसाला वाटते बरे, घोरणे मंदावलेले असते, पँट सैल झालेली असते, आणि मशीन कपाटावर जाते.

मधुमेह असलेल्या २६४ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. आहार आणि व्यायामाचा कडक कार्यक्रम केलेल्यांचे वर्षभरात सरासरी १०.८ किलो वजन उतरले. त्यांच्यापैकी १३.६ टक्के लोकांचा अ‍ॅप्निया पूर्ण गेला. नुसता सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण ३.५ टक्के होते. जवळजवळ चौपट, हे कौतुकाचेच. पण उरलेल्या ८६ टक्क्यांचे काय? त्यांच्यात बहुतेकांना सुधारणा होती, सुटका नव्हती. स्वीडनमध्ये मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या स्थूल पुरुषांना नऊ आठवड्यांच्या प्रयोगात पहिले सात आठवडे अत्यंत कमी उष्मांकाच्या द्रव आहारावर ठेवले. वजन जवळपास १९ किलो घटले, सरासरी एएचआय ३७ वरून १२ वर आला, आणि तरीही सहापैकी एकच जण पूर्ण मोकळा झाला. (हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला होता, कुणी घरी नऊ आठवडे ताकावर राहू नये.)

पोटाच्या शस्त्रक्रियेचे आणि नव्या इंजेक्शनांचेही पुष्कळ विचारले जाते. टिर्झेपाटाइड हे औषध स्थूल व्यक्तींमधल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाले आणि मार्च २०२५ पासून 'माउंजारो' नावाने भारतात मिळू लागले. वर्षभराच्या चाचणीत वजन १८ ते २० टक्के घटले आणि एएचआय तासाला २५ ते २९ ने कमी झाला. आतापर्यंतच्या कुठल्याही औषधापेक्षा हे मोठे यश आहे. तरी त्या चाचणीतही आजार जवळजवळ संपला असे म्हणता येईल असे रुग्ण ४२ ते ५० टक्के होते. शिवाय औषध महाग आहे आणि थांबवले की बहुतेकांचे वजन परत चढते. डॉक्टरांना विचारून घ्यावे, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

वजनाने सगळा प्रश्न का सुटत नाही? कारण सगळा प्रश्न वजनाचा नसतोच. कुणाचा खालचा जबडा लहान किंवा मागे असतो, कुणाचा घसा जन्मतः अरुंद असतो, कुणाला थायरॉइड असते. आशियाई लोकांना चेहऱ्याच्या ठेवणीमुळे तुलनेने कमी वजनातही हा आजार होतो. म्हणून शिडशिडीत माणूस घोरत असेल तर "याला कसला अ‍ॅप्निया" म्हणून सोडून देऊ नये. लहान मुलांत बहुतेक वेळा कारण वाढलेले टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड असतात. आणि बायकांचे तर विचारूच नका. पाळी थांबल्यावर त्यांच्यात प्रमाण वाढते, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन जात नाहीत, घोरते हे मान्यही करत नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री सारखी जाग, चिडचिड एवढेच सांगतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत येतात.

दुसरा मुद्दा वेळेचा. वजन उतरायला सहा महिने, वर्ष लागते. श्वास आज रात्रीच अडणार आहे. आपल्याकडे कितीतरी जण कापूस, सोयाबीनच्या हंगामात रात्री-बेरात्री गाडी चालवतात, कुणी ट्रकवर आहेत, कुणी नागपूर-हैदराबाद महामार्गावर आठवड्याला ये-जा करतात. निर्मलकडे महबूब घाटात डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. म्हणून 'आधी वजन, मग मशीन' हा क्रम चुकीचा आहे. दोन्ही एकदमच सुरू करायचे. सीपॅप म्हणजे ऑक्सिजन नव्हे; ते साध्या हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते प्रथम मांडले, आणि मध्यम ते तीव्र आजारात ते आजही पहिला उपचार आहे. त्याची सवय लागत नाही, फुफ्फुसे आळशी होत नाहीत. पण मशीन लावले की वजन आपोआप उतरेल, अशीही आशा धरू नये. अभ्यासात ते उलट किंचित वाढलेले दिसले आहे. भात किती वाढून घ्यायचा आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी किती, हे आपल्यालाच पाहावे लागते. सौम्य आजारात कुशीवर झोपणे, रात्रीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या बंद करणे यानेही फरक पडतो. काहींना दाताच्या डॉक्टरकडून जबडा पुढे धरणारे साधन करून घेता येते.

तपासणीसाठी आपल्याकडून लोक नागपूर किंवा हैदराबादला जातात. अनेकदा लहान यंत्र घरी नेऊन एका रात्रीत घरच्याच पलंगावर तपासणी होते, ते आधी फोन करून विचारावे. जाताना मोबाइलमध्ये झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जावा. तो वहिनींनी किंवा मुलांनी काढायचा, कारण झोपलेल्या माणसाची साक्ष इथे निरुपयोगी आहे. वीज जाण्याची भीती असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालते.

आणि ज्यांनी खरोखर दहा-पंधरा किलो उतरवले आहे त्यांनी मशीन स्वतःच्या मनाने बंद करू नये. आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी. आकडा पाचच्या खाली आला तर डॉक्टर स्वतःच मशीन काढतील. नाही आला तरी हवेचा दाब बहुधा कमी करता येतो आणि मास्क सुसह्य होतो. वजन परत चढले तर तपासणीही परत. हर्निया, पित्ताशय, गुडघा अशी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगावे, आणि भरती होताना कपड्यांच्या पिशवीबरोबर मशीनही न्यावे.