मोफत औषध आणि तेथवरची वाट

एचआयव्हीची तपासणी शासन मोफत करते, औषधेही मोफत देते. मग धर्मादाय रुग्णालयाने यात आणखी काय करावयाचे, असा प्रश्न आमचे हितचिंतक अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी ही व्यवस्था कशी उभी राहिली, ती कशी चालते आणि रुग्ण तिच्यातून कोठे निसटतो, हे थोडक्यात मांडत आहोत.

मोफत उपचारांचा आरंभ

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली झाली आणि १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. प्रारंभीची अनेक वर्षे या कार्यक्रमाचा भर प्रतिबंधावर होता. निदान होई, पण त्यानंतर रुग्णाच्या हाती देण्यासारखे फारसे काही नसे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचे वर्षभराचे उपचार सेवाभावी संस्थांना ३५० डॉलरमध्ये देऊ केले, तेव्हा जगभरातील किमतींना उतार लागला. तरीही ही रक्कम त्या वेळच्या दराने सोळा हजार रुपयांच्या घरात जात होती. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ती परवडणे शक्यच नव्हते.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने निवडक रुग्णालयांतून मोफत ए.आर.टी. उपचार सुरू केले. महाराष्ट्रात त्याचा आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाला. पुढे केंद्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत आली आणि अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) रुग्णांसाठी मुंबईची वाट नगर शहरापर्यंत आखूड झाली.

तपासणी आणि उपचार

शासकीय रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणीपूर्वी समुपदेशक व्यक्तीशी एकांतात बोलतो, माहिती देतो आणि संमती घेतो. पहिल्या चाचणीत दोष दिसल्यास निराळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करून मगच निदान पक्के केले जाते. संसर्ग झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे दिसू लागण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. म्हणून जोखमीनंतर लगेच आलेला निर्दोष अहवाल अखेरचा मानू नये; मुदतीनंतर पुन्हा तपासणी करावी.

पूर्वी सी.डी. ४ पेशींची संख्या ठराविक मर्यादेखाली उतरेपर्यंत औषधे सुरू होत नसत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१७ पासून निदान होताच, पेशींची संख्या कितीही असली तरी, उपचार देण्याचे धोरण आले. आता बहुतेक प्रौढ रुग्णांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके घटतात आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदारास लागण होत नाही. गरोदर मातेवर काहीच उपचार न झाल्यास बाळास लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेवर उपचार मिळाल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो.

वाट कोठे तुटते

म्हणजे औषध आहे, ते मोफत आहे आणि गुणकारीही आहे. परंतु मोफत म्हणजे सहजसाध्य नव्हे. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावापासून नगर शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. एका फेरीत एस.टी.चे भाडे जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पट्टा पडेपर्यंत फड सोडून परतणे त्यांना कठीण जाते. याच काळात गोळ्या संपतात आणि उपचारात खंड पडतो. खंड वारंवार पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

या अडचणींवर कार्यक्रमात तरतुदी आहेत. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एका वेळी अधिक महिन्यांची औषधे देता येतात, लिंक ए.आर.टी. केंद्रांतून ती गावाजवळ मिळू शकतात आणि स्थलांतराच्या ठिकाणच्या केंद्रात नाव वर्ग करून घेता येते. मात्र गावाबाहेर पडण्यापूर्वी रुग्णाला हे कोणीतरी सांगावे लागते.

अखेरचा अडसर लज्जेचा. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने माणूस जवळचे केंद्र टाळतो. विधवा सुनेला घराबाहेर काढले जाते. हे दुःख ओळखून डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ साली नगर येथे सुरू केलेल्या 'स्नेहालय' संस्थेने वेश्यावस्तीतील स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित मुले यांना आधार दिला. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. विश्वासातल्या माणसाने सांगितलेली गोष्ट घरात शिरते, हा धडा त्यांच्या कामातून मिळतो.

धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य

शासनाच्या व्यवस्थेला पर्याय उभा करणे हे आमचे काम नव्हे. रुग्णाला तिच्यापर्यंत पोहोचविणे आणि तेथे टिकविणे हे आमचे काम आहे. प्रत्येक गरोदर मातेची आणि क्षयरुग्णाची संमतीने तपासणी व्हावी, दोष आढळल्यास केवळ चिठ्ठी देऊन न थांबता रुग्ण केंद्रात पोहोचल्याची खात्री करावी आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी औषधांची चौकशी करावी, अशी आमची धारणा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संमतीविना तपासणी, गोपनीयतेचा भंग आणि उपचारात भेदभाव यांना मनाई केली आहे. हा कायदा खासगी व धर्मादाय रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

वाचकांकडे आम्ही देणगीइतकीच आणखी एक गोष्ट मागतो. आपल्या गावात, नात्यात, शेतावर काम करणाऱ्यांत कोणी या आजाराने खचलेला असेल, तर त्याला दूर लोटू नका. १०९७ हा मोफत मदत क्रमांक त्याला सांगा आणि शक्य झाल्यास पहिल्या फेरीला त्याच्यासोबत केंद्रापर्यंत जा.