काना ओढला की अक्षर पुरे

संपादकांची अट एकच होती : टाईपरायटरवर लिहा, पण उगाच हळहळू नका. म्हणून शोभेला मांडलेल्या यंत्रांच्या वाटेला न जाता कोर्टाजवळ जिन्याखाली बसून मराठी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका काकांना गाठले.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाईपरायटर तयार केला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 मुळे सरकारी कारभार मराठीत आणायचे ठरले आणि कचेऱ्यांत मराठी यंत्रांचा खडखडाट वाढला. मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या प्रमाणपत्रावर कित्येकांना लिपिकाची नोकरी लागली. 2009 मध्ये गोदरेजने उत्पादन थांबवले. ‘जगातला शेवटचा कारखाना बंद’ ही बातमी 2011 मध्ये सगळीकडे गाजली, पण ती अतिशयोक्ती होती. इतरत्र थोडी यंत्रे तेव्हाही बनत होती.

मला खिळवून ठेवले ते काकांनी उघडलेल्या यंत्राच्या पोटाने. इंग्रजी यंत्राचा हिशेब सरळ असतो : किल्ली दाबली, अक्षर उमटले, कॅरेज एक घर सरकले. देवनागरीत खुणा डोक्यावर बसतात, पायाखाली लोंबतात आणि जोडाक्षरे तर शेकडो. यंत्रावर मात्र शिफ्ट धरूनही नव्वदच्या आसपासच जागा. म्हणून घ, थ, ध, भ यांना पूर्ण अक्षराची किल्लीच दिलेली नाही. अर्धे अक्षर उमटवायचे आणि काना ओढायचा. काना न ओढता पुढचे अक्षर दाबले की जोडाक्षर तयार. किल्ल्याही वाचल्या आणि जोडाक्षरांचा प्रश्नही बराचसा मिटला.

मात्रा-उकारांसाठी ‘डेड की’. काकांनी उकाराची किल्ली सावकाश दाबली. “बघा, दांडी वर आली. कॅरेज हललं का?” एरवी अक्षराची दांडी कागदाकडे जाताना एक आडवी पट्टी ढकलते, पट्टी दातेरी चाकाला एक दात सोडते आणि स्प्रिंग कॅरेज ओढून घेते. डेड कीची दांडी त्या पट्टीला हलवतच नाही. शिवाय तिच्यावरची खूण कागदावर जरा डावीकडे पडेल अशी कोरलेली, त्यामुळे ती आधी उमटलेल्या अक्षराला जाऊन बसते. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या डावीकडे उभी राहते, म्हणून ती आधीच मारायची.

दांडीवरून निखळलेला टाईप, म्हणजे अक्षर कोरलेला तुकडा, काका कथिलाचा डाग देऊन बसवतात. इंग्रजी अक्षर केसभर वरखाली झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीत शिरोरेषा लगेच चुगली करते. डाग दिल्यावर काका ‘घर’, ‘धरण’ असे शब्द मारतात आणि कागद डोळ्यांशी आडवा धरून रेघ तपासतात.

ही सगळी रचना संगणकातही शिरली आहे. युनिकोडमध्ये पहिली वेलांटीही अक्षरानंतर साठवली जाते. टाईपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन मांडणीवर टायपिस्ट मात्र ती अजूनही आधी दाबतो आणि सॉफ्टवेअर निमूटपणे क्रम फिरवते. या सवयीमागचे कारण हवे तर जिन्याखालचे यंत्रच बघावे लागते.

आणि तेच आता अवघड होत चालले आहे. सरकारी टायपिंग परीक्षा संगणकावर गेल्या, तशी संस्थांची यंत्रे किलोवर भंगारात गेली. काका एक यंत्र मोडून दुसरे चालू ठेवतात. रिबन, रोलर, स्प्रिंग इंग्रजी यंत्रांमधून मिळते. मराठी टाईप मराठी यंत्राखेरीज कुठून आणणार? शौकीन लोक येतात, तेही इंग्रजी यंत्रच मागतात. आपल्या मुलाने हे शिकावे असे काकांनाही वाटत नाही. “पोट भरायला हवं ना,” ते म्हणाले. त्यांचे मला पटते. आपल्या कौतुकासाठी कोणी अर्धपोटी राहावे, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण यंत्रे वाचवता येतील. जिल्ह्याच्या ग्रंथालयात, मुलांना किल्ली दाबून बघता येईल असे एक चालू मराठी यंत्र ठेवणे फार खर्चाचे नाही. आणि तुमच्या माळ्यावर एखादे पडले असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. ते चालत नसले तरी हरकत नाही. त्याच्या टाईपवर दुसरे एखादे चालू होईल.