लारा क्रॉफ्टची वेणी आणि राजीचा त्रिशूळ

१९८२ साली अमेरिकेतल्या आर्केडांमध्ये ‘मिस पॅक-मॅन’ हा गेम आला. आधीच्या ‘पॅक-मॅन’मधलाच तो पिवळा गोळा; फक्त आता त्याची बाई करायची होती, आणि हाताशी जागा होती १६ बाय १६ पिक्सेलची. एवढ्या चौकोनात ना बांधा मावतो, ना साडी. म्हणून डोक्यावर लाल रिबिन, ओठांना लाली, गालावर तीळ. झाली बाई तयार. चारच वर्षांनी निन्टेन्डोने ‘मेट्रॉइड’मध्ये उलटा डाव टाकला. चिलखतातली सॅमस बाई आहे, हे खेळणाऱ्याला कळायचं ते गेम झपाट्याने संपवला तर, अगदी शेवटी.

गेममधल्या स्त्रीचं रूप चित्रकाराच्या मनात ठरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा बराचसा निकाल यंत्र आणि कॅमेरा लावतात. ‘टूम्ब रेडर’ची नायिका लारा क्रॉफ्ट हिची वेणीच घ्या. इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन कंपनीत टोबी गार्ड यांनी लाराला घडवलं. १९९६च्या पहिल्या ‘टूम्ब रेडर’मध्ये खेळताना दिसणाऱ्या लाराला वेणी नाही, अंबाडा आहे. हलती वेणी म्हणजे तुकड्यातुकड्याचा हिशेब, तोही सेकंदाला कितीतरी वेळा. त्या काळच्या यंत्रांना तो भार जड होता. १९९७च्या दुसऱ्या भागात वेणी आली. २०१३मध्ये लाराचा नवा अवतार आला, तेव्हा संगणकावरच्या आवृत्तीत एएमडीच्या ‘ट्रेसएफएक्स’ तंत्रामुळे तिचे केस सुटेसुटे हलू लागले, पाण्यात भिजू लागले. गंमत अशी की यंत्राची अडचण केसांना आडवी आली, छातीच्या मापाला कधी आली नाही. ते माप आटोक्यात यायला बरीच वर्षं लागली, आणि आखूड चड्डीच्या जागी साधी पँट आली ती २०१३च्या अवतारात. तिथे तंत्रज्ञानाचा काही संबंध नव्हता; गिऱ्हाईक म्हणजे पोरगेच, हा विक्रीवाल्यांचा हिशेब होता.

म्हणून ‘तांत्रिक कारण’ ऐकलं की थोडं खोदून पाहावं. २०१४च्या जूनमध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या माणसांनी सांगितलं की ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये खेळायला स्त्रीपात्र दिलं तर अॅनिमेशनचं काम दुप्पट होईल. याच मालिकेच्या तिसऱ्या भागाचं अॅनिमेशन ज्यांनी सांभाळलं होतं, त्या जोनाथन कूपर यांनी लगेच जाहीर सांगितलं: एकदोन दिवसांचं काम आहे.

आपल्याकडचं ठळक उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. नायिका राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत ती निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. कॅमेरा उंचावर, दूर. त्यामुळे पडद्यावर राजी लहानशीच दिसते आणि चेहऱ्यापेक्षा आकृतीला महत्त्व येतं: त्रिशूळ धरलेला हात, खांबाभोवती घेतलेली गिरकी, भिंतीवरून धावणं. सर्कशीचा पेशा दिल्यामुळे या उड्यांचं निराळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. मला तरी ही त्या स्टुडिओची सगळ्यांत शहाणी निवड वाटते.

गेमची नायिका घडवण्याचं हेच काम वर्धा जिल्ह्यात करायचं म्हटलं तर? समजा, नायिका हिंगणघाटकडची कापूस वेचणारी बाई आहे. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू झाली. तिच्या अंगावर साडी, साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी. डेव्हलपर आधी तिची नुसती काळी छाया काढून बघतात. छायेवरून पात्र ओळखू आलं तरच काम पुढे सरकतं. इथे ती लांबूनही ओळखू येईल, कारण पुढे फुगलेल्या ओटीसारखा आकार दुसऱ्या कुणाचा नाही. मग मातीकाम करावं तसं संगणकावर शिल्प घडवतात, त्यावर कमी पॉलिगॉनची, म्हणजे थोड्या सपाट तुकड्यांची, हलकी जाळी चढवतात, रंग-पोत देतात आणि आत हाडांचा सांगाडा बसवतात.

खरी परीक्षा साडीची. वाकताना गुडघा साडीतून आरपार बाहेर येतो, हा अॅनिमेटरांचा नेहमीचा वैताग. कापडाची हालचाल मोजून काढणं महाग पडतं, मोबाइलवर तर फारच. म्हणून निऱ्यांमध्येही हाडं घालून काम भागवतात. शर्ट मात्र उपकारक. पदर त्याखाली दाबला जातो आणि सगळ्यांत त्रास देणारं टोक नजरेआड होतं. उन्हापासून आणि पऱ्हाटीच्या ओरखड्यांपासून वाचायला घातलेला शर्ट असा संगणकाचाही भार हलका करतो. ओटीसाठी दोन आकार करतात, रिकामा आणि भरलेला, आणि बोंडागणिक पहिल्यातून दुसऱ्यात सरकत जातात. चालही दोन प्रकारची लागते: ओटी भरत आली की पाठ मागे रेलते, पावलं फाकतात. हे टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी अॅनिमेटरला नोव्हेंबरात शेताच्या धुऱ्यावर कॅमेरा लावून बसावं लागेल, अर्थात आधी त्या बायांची परवानगी घेऊन.