ग्रुपवर टाकलं होतं की!

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मी सुरणाचा भाव विचारत होते. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. बँकेतली जुनी मैत्रीण. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती सहज म्हणाली, "परवा तेराव्याला दिसली नाहीस ती?"

कुणाचं तेरावं? तर आमच्या हेडकॅशियरचं. त्यांच्या शेजारच्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसले. रोज त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी खाल्ली.

"अगं, मला कुणी कळवलं कसं नाही?"

"ग्रुपवर टाकलं होतं की!"

मी ग्रुपवर नव्हते. 2024चा जुलै महिना होता. अठरा दिवसांपूर्वी मी फोनमधून फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही काढून टाकली होती, आणि खरं सांगायचं तर त्याचा जरा तोराही मिरवत होते. सुरण न घेताच घरी आले.

सोडायला कारण क्षुल्लक होतं. रात्री अकराला आडवं पडून 'पाच मिनिटं बघते' म्हणायचं आणि डोकं वर काढावं तर पाऊण वाजलेला. काय पाहिलं ते आठवायचं नाही. अंगठा मात्र दुखायचा. वर्तमानपत्राचं पान संपतं आणि आपण चहाचा कप विसळायला उठतो. फोनवरचं पान संपतच नाही. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती एझा रास्किन नावाच्या अमेरिकी तरुणाने 2006 साली काढली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. 2009 मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं. कधी चाळीस अंगठे, कधी तीन. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून फार पूर्वीच दाखवलं होतं की, टोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी निवांत असतो. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं की टोचा मारतच राहतो. बँकेतून निवृत्त झालेलं कबूतर म्हणजे मी.

पण एवढ्याने माझं जागरण समजतं. मी परत का गेले, ते समजत नाही.

त्यासाठी ऑर्कुट आठवून पाहा. मुलाने 2007 मध्ये मला तिथे खातं काढून दिलं होतं. भाचे, पुतण्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळी तिथे. हळूहळू एकेक जण फेसबुकवर गेला, मीही गेले. सोडण्याचा निश्चय केला नाही, उपास केला नाही, कुणाला जाहीर केलं नाही. 30 सप्टेंबर 2014ला गुगलने ऑर्कुट बंद केलं, ते मी पेपरात वाचलं. माणसं उठून गेली होती, तिथे थांबायचं कुणासाठी?

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला ओटा होता. गुजराती शेजारी त्याला ओटलो म्हणत आणि संध्याकाळी तिथे जमणाऱ्या बायकांना 'ओटला परिषद'. परिषदेतून आधी उठणारीची खैर नसे. ती आत गेली की विषय तिचाच. म्हणून पोळ्या राहिल्या तरी आई उठायची नाही. पण दिवेलागणीला सगळ्या एकदम उठत, आणि मग कुणालाच काही वाटत नसे.

शिकागो आणि इतर विद्यापीठांतल्या अर्थशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये मांडलेला अभ्यास वाचला तेव्हा मला हा ओटाच दिसला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? बाकीचे सगळे चालू ठेवणार असतील, तर सरासरी 59 डॉलर. इन्स्टाग्रामसाठी 47. मग विचारलं, तुमच्यासकट सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तर मुलं उलट स्वतःच्या खिशातून द्यायला तयार: टिकटॉकसाठी 28 डॉलर, इन्स्टाग्रामसाठी 10. म्हणजे ती वस्तू नसलेली बरी असं वाटतंय, पण एकट्याने बाहेर राहायची छाती नाही. 'तुझं मनच कमकुवत' म्हणणाऱ्या आमच्या ह्यांना मी हे आकडे वाचून दाखवले. ह्यांच्या फोनमध्ये एकोणतीस ग्रुप आहेत.

माझा उपास मोडला तो पुराने. 26 ऑगस्टला जन्माष्टमी होती आणि पाऊस खळत नव्हता. विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली. पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच राहिलं, कारण आजवा जलाशयाचं आणि वरच्या भागातलं पाणी उतरून आमच्याकडेच येतं. आम्ही समा भागात दुसऱ्या मजल्यावर. वीज गेली. जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्याखाली. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोनच उरलेल्या. समोरच्या सूनबाईने आपला फोन माझ्यासमोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर एकाखाली एक: काला घोड्याच्या पुलाला किती फूट, तळमजल्यावरच्या आजी वर आल्या का, दुधाच्या पिशव्या कुणाच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये मगर आहे उतरू नका. त्यातलं निम्मं जुनं, निम्मं खोटं असेलही. पण गोळ्या मात्र त्याच ग्रुपवर विचारून मागच्या इमारतीतून मिळाल्या. मेणबत्तीच्या उजेडात, रेंज येत-जात असताना, मी व्हॉट्सअ‍ॅप परत घेतलं. फेसबुक घेतलं नाही. त्याच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं.

अमेरिकेत 2018 मध्ये काही हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक सोडायला लावलं. रोजचा सुमारे तास वाचला, मन थोडं हलकं झालं, राजकीय मतांमधली दरी थोडी घटली, बातम्यांचं ज्ञानही घटलं. महिना संपल्यावरही ते पूर्वीपेक्षा कमीच वापरत राहिले. माझंही तसंच झालं म्हणायचं.

ओट्यावरून एकदम उठण्याची युक्ती मात्र आपल्याकडेच एका गावाला सुचली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांच्या हातचे फोन सुटेनात, म्हणून 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. त्या दीड तासात कुणी ऑनलाइन नसल्यामुळे कुणाचं काही चुकत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. भोंग्याला कुणी तयार झालं नाही, पण रात्री दहानंतर ग्रुपवर पाणी, वीज आणि आजारपण सोडून काही टाकायचं नाही, एवढं ठरलं. 'शुभ रात्री'ची फुलं अजून येतात.

आता एकच मागणी. कुणी गेलं तर ग्रुपवर जरूर टाका, पण चार घरी फोनही करा. आमचा लँडलाइन अजून चालू आहे.