रेव्हिटची पंचवीस वर्षे आणि वापरकर्त्यांची विद्या

एप्रिल 2000 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लिओनिद राइझ आणि अर्विन युंगराइस यांच्या लहानशा कंपनीने इमारतींची संगणकीय मॉडेले रचण्याच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, त्यास 2025 मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने निर्मात्यांचे स्मरण होणे उचितच आहे. परंतु हे साधन रोजच्या कामास उपयोगी पडावे म्हणून ज्या वापरकर्त्यांनी युक्त्या शोधल्या, छोटी उपसाधने रचली आणि मोबदल्याची अपेक्षा न धरता ती इतरांच्या हाती दिली, त्यांच्या ऋणाची नोंद केल्यावाचून हा इतिहास पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आरंभीचा भाग थोडक्यात आटोपतो. चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे संगणकीय वर्णन करण्याची कल्पना 1975 मध्येच मांडली होती. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टने ऐंशीच्या दशकात आर्किकॅड सिद्ध केले. आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने 13 कोटी 30 लाख डॉलर मोजून रेव्हिट आपल्या ताब्यात घेतले. त्यापुढची काही वर्षे प्रात्यक्षिकांत आणि जाहिरातपत्रकांत गेली. त्यांत माझे मन रमत नाही.

मन रमते ते 2010 नंतरच्या दशकात, जेव्हा पुण्यातील अनेक कचेऱ्यांतून ब्रिटन, अमेरिका आणि आखाती देशांतील इमारतींची मॉडेले आकार घेत होती, आणि ज्यांनी त्या इमारती कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत असे तरुण ड्राफ्ट्समन त्यांच्या प्रत्येक दारा-खिडकीची चौकशी जिव्हाळ्याने करीत होते. सर्वांची सामायिक सेंट्रल फाइल थेट उघडू नये, रोज सकाळी नवी लोकल प्रत करावी, आठवड्यातून एकदा फाइल ऑडिट करून उघडावी आणि निरुपयोगी फॅमिली पर्ज कराव्यात, हे नियम ज्येष्ठ सहकारी नवख्याच्या शेजारी बसून शिकवीत, आणि त्यामागचे कारणही सांगत. सर्वेक्षकाकडून आलेली डीडब्ल्यूजी फाइल इम्पोर्ट न करता लिंक करावी, आणि तत्पूर्वी तिच्यातील भरकटलेल्या रेषा पुसाव्यात, कारण दूर कोठेतरी राहिलेल्या एकाच रेषेमुळे रेखाटनाचा विस्तार 20 मैलांच्या पलीकडे जातो आणि मग रेव्हिटमधील भूमितीचा भरवसा राहत नाही, हे ज्याला एकदा समजले तो ती चूक पुन्हा करीत नसे. शेकडो वॉर्निंगांपैकी कोणती आधी सोडवावी हेही असेच कळे: एकाच जागी दोन सारख्या वस्तू असल्याची सूचना अग्रक्रमाची, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर परिमाणांच्या तक्त्यात तीच वस्तू दोनदा मोजली जाते आणि कंत्राटदाराची मागणी चुकते.

याच काळात इयान किओ यांनी डायनॅमो आणि एहसान इराननेजाद यांनी पायरेव्हिट ही साधने मुक्त स्वरूपात उपलब्ध केली. संपूर्ण मजल्यावरील खोल्यांना क्रमांक देणे किंवा शेकडो पत्रकांची नावे बदलणे, ही दिवसभराची कारकुनी त्यांच्यामुळे काही मिनिटांवर आली. आणि ज्यांनी आयुष्यात कधी प्रोग्रामिंग केले नव्हते, ते वास्तुविशारद आपल्या कामाची तर्कसंगती स्वतः रचू लागले.

त्या दशकातील दोन अन्यायांचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. पहिला क्लॅश-अहवालांचा, म्हणजे मॉडेलमध्ये एकमेकांत घुसणाऱ्या भागांच्या याद्यांचा. नेव्हिसवर्क्स या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच डक्ट दहा तुळयांना छेदत असला तर दहा नोंदी उमटतात. त्यांचे गट पाडून, सहनमर्यादा ठरवून, आधी तुळया आणि मोठे डक्ट तपासावेत, हा विवेकाचा मार्ग होता. परंतु एका कचेरीच्या कारभाऱ्यांना हजारोंचे आकडे दाखवूनच कर्तबगारी सिद्ध करावयाची होती, आणि ज्यांनी दोष सोडविले त्यांच्यापेक्षा ज्यांनी ते मोजले त्यांना मान मिळाला. दुसरा अन्याय एलओडी 500 या मॉडेलच्या पातळीच्या मागणीचा. ही पातळी म्हणजे प्रत्यक्ष जागेवर पडताळलेली माहिती. ती हजारो मैलांवर बसलेल्या माणसाकडून बांधकामापूर्वीच मागण्यात आली, आणि न झालेल्या पडताळणीचा भार त्याच्या माथी आला.

2016 हे वर्ष दुहेरी ठरले. त्या एप्रिलपासून ब्रिटिश सरकारने आपल्या केंद्रीय प्रकल्पांसाठी बिमची, म्हणजे इमारतीच्या माहितीयुक्त संगणकीय मॉडेलच्या पद्धतीची, दुसरी पातळी आवश्यक केली, त्यामुळे आमच्या विद्येस प्रतिष्ठा लाभली. आणि त्याच वर्षी ऑटोडेस्कने कायम परवान्यांची नवी विक्री बंद करून सर्वांना वर्गणीकडे वळविण्यास आरंभ केला. गावात वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्या मिरासदाराला एका फर्मानाने उपरी करावे, तशी ही स्थित्यंतराची जात होती. 2020 मध्ये ब्रिटनमधील नामांकित वास्तुविशारद संस्थांनी ऑटोडेस्कच्या प्रमुखांना उघड पत्र लिहून वाढता खर्च आणि मंदावलेली सुधारणा यांविषयी नाराजी नोंदविली, ती आमच्याही मनातली होती. नव्या आवृत्तीत जतन केलेली रेव्हिट फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मग ज्याची वर्गणी थांबली, त्याने स्वतःच्याच श्रमांचे दप्तर कोणाच्या दारी जाऊन वाचावे?

मला अधिक दुःख आहे ते शेजारी बसून शिकविण्याच्या लुप्त झालेल्या रिवाजाचे. आज नवख्यास तयार बटणांची पट्टी मिळते. फाइल का जड झाली हे न समजताच तो ती हलकी करण्याचे बटण दाबतो, आणि बटण निकामी झाले की असहाय होतो. साधन वाढले, कारण हरवले. आणि कारणावाचून मिळालेली युक्ती परिस्थिती बदलताच निरुपयोगी ठरते.

म्हणून प्रत्येक कचेरीने तीन गोष्टींची तजवीज करावी. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर रेव्हिटच्या मूळ फाइलबरोबर आयएफसी आणि पीडीएफ प्रती ठेवाव्यात, कारण आयएफसी हे आयएसओ 16739 या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक असून कोणा एका विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. शेअर्ड पॅरामीटरची फाइल एकच असावी आणि तिचा एक जबाबदार राखणदार असावा. आणि प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण मराठीतून लिहून ठेवावे, व ते शिकविण्यास लागणारा वेळ कामाच्या तासांतच धरावा. इमारत पन्नास-शंभर वर्षे उभी राहते. तिची माहितीही तितकीच वर्षे वाचता आली पाहिजे, आणि ती वाचू शकणारी माणसे घडविण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मांडला गेलाच पाहिजे.