तिसरा पाद : सहचर, सुहृद आणि हास्य

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांना मुखोद्गत आहेत. पहिल्या दोहोंविषयी आपल्या संमेलनांतून विपुल चर्चा होते. चौथ्याची नाडी आपण रोज पाहतो. तिसरा पाद मात्र बहुधा रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत मूकपणे बसलेला असतो. आजच्या लहान कुटुंबात हा उपस्थाता म्हणजे बहुतेक वेळा रुग्णाची पत्नी अथवा पती.

उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत. अनुराग सहचराजवळ असतोच. ज्ञान आपण द्यावयाचे असते. दीर्घ आजारात खरी कसोटी लागते ती दक्षतेची. केमोथेरपी महिनोन्‌महिने चालते. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास करावे लागते. या काळात सहचराची झोप आणि जेवण यांचा क्रम बिघडतो. थकलेला उपस्थाता औषधाची वेळ चुकवतो, चिडतो. आणि आपण घरावर ओझे झालो, असे रुग्णाच्या मनाने घेतले की विषाद सुरू होतो. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादालाच अग्रस्थान दिले आहे, याचे स्मरण येथे ठेवावे.

यावर उपायही शास्त्रकारांनीच सुचविला आहे. सुश्रुताचार्य व्रणिताच्या परिचर्येत प्रिय बोलणाऱ्या, धीर देणाऱ्या सुहृदांना स्थान देतात. त्यांच्या गोष्टींनी व्रणाची वेदना विसरली जाते, असे त्यांचे मत आहे. चरकसंहितेतील उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाच्या सिद्धतेची यादी आहे. शय्या, भांडी, औषधे यांच्याच जोडीने गायन-वादन जाणणारे, कथा-आख्यायिका सांगणारे लोक तीत येतात.

आधुनिक काळातही हा विचार नव्याने पुढे आला. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांनी 1979 साली ग्रंथरूपाने आपल्या आजाराची हकीकत प्रसिद्ध केली. दहा मिनिटे पोटभर हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागे, असे त्यांनी नमूद केले. हा एका व्यक्तीचा अनुभव आहे, सिद्धांत नव्हे. तथापि ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार व सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हास्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली आढळली. आणि माणूस एकट्यापेक्षा सोबतीत अधिक हसतो, हेही दिसले. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी हास्ययोगाचा उपक्रम सुरू केला, तोही बागेत जमलेल्या मंडळींच्या साथीनेच.

डायलिसिसवर असलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हे तत्त्व प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्यांनी त्या यंत्राचे नावच ‘जावईबापू’ ठेवले होते. आठवड्यातून तीनदा मुक्कामाला येतात, चार तास हलत नाहीत, आणि मानपान चुकला की रुसतात! अधिक महिना आला तेव्हा पत्नीने गंभीर चेहऱ्याने विचारले, “अहो, यंदा यांना अनारशांचे वाण द्यायचे की नाही?” त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या मित्रांनी वार वाटून घेतले. एकाने सोबत जायचे, दुसऱ्याने बाजार आणायचा. त्या चार तासांत बाईंनी घरी स्वस्थ झोप घ्यायची. एक स्नेही प्रेमाने शहाळी घेऊन आले. त्यातील पोटॅशियम मूत्रपिंड निकामी झालेल्याच्या हृदयाला घातक ठरू शकते, हे बाईंना ठाऊक होते. “हा मान तुमचाच,” असे म्हणून त्यांनी ते शहाळे फोडून त्या स्नेह्यांच्याच हाती दिले. पथ्य पाळले गेले आणि स्नेहही दुखावला नाही.

विनोदालाही मात्रा, काल आणि अनुपान असते. थट्टा आजाराची असावी, आजारी माणसाची नव्हे. तिचा आरंभ शक्यतो रुग्णाकडून व्हावा. रिपोर्ट वाईट आला त्या दिवशी नुसते जवळ बसणे हेच औषध. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हसताना टाक्यांवर उशी धरण्यास सांगावे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप व अन्न सुटले, तर विनोदावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. हास्य कोणत्याही चालू उपचाराची जागा घेत नाही.

वैद्यबंधूंना विनंती, की रुग्ण तपासून झाल्यावर दोन मिनिटे सहचरासाठी राखावीत. आपण कधी झोपता, आपल्याला मदतीला कोण आहे, हे दोन प्रश्न पुरेत. पथ्यापथ्याची चिठ्ठी लिहिताना भेटीस येणाऱ्यांनी काय आणू नये, हेही त्यात लिहावे. औषधालयांच्या चालकांकडे तर सहचर एकटाच येतो. रुग्णासमोर न बोललेले तेथे बोलून जातो. मित्राने सुचविलेला काढा तो मागू लागला, तर चालू उपचार कोणते, मूत्रपिंडाचा विकार आहे काय, हे विचारून आधी चिकित्सकाची संमती घेण्यास सांगावे. दुकानात गर्दी नसेल तर त्याला घटकाभर बसवावे, पाणी द्यावे, त्याचे ऐकून घ्यावे. तिसरा पाद उभा राहिला, तरच उरलेल्या तिघांचे श्रम फळास येतात.